दिवे जरा उशिरा लावा

सिनेमा संपतो. पडद्यावर नावं सरकायला लागतात न लागतात तोच मागून कुणीतरी खटका दाबतं आणि सगळ्या ट्यूबलाइट एकदम पेटतात. तिसऱ्या रांगेतल्या बाईंचा पदर अजून डोळ्याशीच असतो. शेजारचे गृहस्थ चष्मा काढून काच पुसत बसतात. काच स्वच्छच असते. मागच्या रांगेतला कॉलेजचा पोरगा मान खाली घालून मोबाइल उघडतो. दोन मिनिटांत सभागृह रिकामं, झाडू घेऊन माणूस आत, आणि दोन तास जपून वर आणलेला उमाळा तसाच गिळून माणसं पार्किंगमध्ये गाडीचं स्टँड काढतात.

सगळा वाद त्या खटक्यापाशी आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड अशा गावांत रडवणारा सिनेमा सार्वजनिक सभागृहात, चारचौघांत, ठरावीक तारखेला दाखवला गेला पाहिजे आणि तो संपल्यावर माणसांना दहा मिनिटं अंधार मिळाला पाहिजे. सार्वजनिक नाट्यगृहांच्या वर्षभराच्या तारखा ऑर्केस्ट्रा, सत्कार, शाळांची स्नेहसंमेलनं आणि गुंतवणुकीच्या स्कीमा समजावून सांगणाऱ्या मेळाव्यांत वाटल्या जातात. त्यातल्या वर्षाला बारा संध्याकाळी यासाठी राखून ठेवाव्यात, एवढीच मागणी आहे.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधीच काय कमी कटकटी आहेत, की वर पैसे मोजून रडायला जायचं? प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की कटकटी असलेल्या माणसाला रडायला जागा असते. ती नसते. घरी पोरं बघतात, कामावर साहेब बघतो, आणि रस्त्यावर तर अख्खा गाव बघतो.

पूर्वी ही जागा होती. जात्यावरच्या ओव्यांचा विचार केला की थक्क व्हायला होतं. पहाटेचा अंधार, घरघरीचा आवाज, तोंड दगडाकडे, हात कामात. माहेर तुटल्याचं, नवऱ्याच्या बोलण्याचं, गेलेल्या लेकराचं दुःख बाई मोठ्याने गात होती आणि तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. अंधार, आवाज आणि चेहरा झाकलेला. सिनेमागृहाची रचना याहून वेगळी काय असते? मयताला आलेली बाई उंबऱ्यातच हेल काढायची, घरातल्या बाया उठून गळ्यात पडायच्या आणि त्या हेलात गेलेल्या माणसाचा सगळा हिशेब व्हायचा: त्याने काय केलं, काय करायचं राहिलं, कुणाला उघड्यावर टाकून गेला. शहरी माणसाला तो देखावा वाटायचा. पण हेलाला सुरुवात होती, चढ होता आणि शेवट होता, आणि शेवटी कुणीतरी तांब्याभर पाणी आणून द्यायचं. आता दुःख चौकातल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फ्लेक्सवर असतं आणि मोबाइलवर हात जोडलेल्या चित्रांत. फ्लेक्स तेरा दिवसांनी उतरतो.

सांगलीने तर हे फार जवळून पाहिलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४५. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. पाणी ओसरल्यावर घराघरांत पहिलं काम चिखल काढायचं होतं, मग भिजलेली कागदपत्रं वाळवायची, मग पंचनामा, मग बँक. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. या सगळ्यात रडायला तारीखच मिळाली नाही. अशा गावाला ‘हलकंफुलकं दाखवा, लोकांना विरंगुळा हवा’ म्हणणाऱ्यांनी गाव नीट पाहिलेलं नसतं.

शिवाय हे गाव नाटकाचं. १८४३ साली विष्णुदास भावेंनी इथेच ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. हाकेच्या अंतरावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या एका पोरीसाठी प्रेक्षक हळहळले, आणि जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न व्याख्यानांतून जिथे पोचत नव्हता त्या माजघरात ही हळहळ पोचली. रडणं म्हणजे पळवाट, असं म्हणणाऱ्यांना हरिपूरच्या वाटेवर दोन पावलं चालवून आणावं.

ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलने शोकांतिकेतून होणाऱ्या विरेचनाची, म्हणजे साचलेल्या भावनांचा निचरा होण्याची गोष्ट मांडली, हे आपण शाळा-कॉलेजात घोकतो. आपल्याकडे नाट्यशास्त्रात भरतमुनीने आठ सात्त्विक भावांत अश्रूंना जागा दिली, भवभूतीने करुण हा एकच रस असल्याचं म्हटलं, आणि न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली: वाचणारा दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचं भान पूर्ण सोडत नाही. रडवणारा सिनेमा बघताना नेमकं हेच होतं. दुःख आपलं नाही हे ठाऊक असतं, म्हणून तर आपल्या दुःखाला त्यात हळूच शिरता येतं. केळकरांचा हा शब्द आज परीक्षेपुरता उरला आहे. तो थिएटरात नेऊन बघावा.

आता शरीराचं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक बारीक छिद्र असतं. तिथून अश्रू एका नळीने नाकात उतरतात. म्हणून रडताना आधी नाक वाहतं. नळीला झेपेनासं झालं की पाणी गालावर येतं. घशात गोळा येतो त्याचं कारण असं की श्वासासाठी घसा आतून रुंद व्हायला बघतो आणि आपण आवंढा गिळून तो मिटायला बघतो. दोन्ही ओढींची झटापट म्हणजे तो गोळा. घोटभर पाण्याने तो सैल होतो. तेव्हा पाण्याची बाटली जवळ असावी, आणि रुमाल सुती असावा. कागदी रुमाल भिजला की त्याचा लगदा होतो आणि अंधारात पुडीतून दुसरा काढताना जो चरचर आवाज होतो तो सगळ्या रांगेला ऐकू जातो.

अश्रूंवाटे विषारी द्रव्यं बाहेर पडतात आणि म्हणून हलकं वाटतं, असं मोबाइलवर फिरत असतं. त्याला भक्कम पुरावा नाही. याहून उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. २०१५ साली नेदरलँड्सच्या टिलबर्ग विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ६० जणांना दोन करुण चित्रपट दाखवले. जे रडले त्यांची मनःस्थिती सिनेमा संपल्यासंपल्या आधीपेक्षा वाईट होती. २० मिनिटांनी ती मूळ पातळीवर आली. आणि ९० मिनिटांनी सिनेमा सुरू होण्याआधी होती त्यापेक्षाही चांगली झाली. हे आकडे सभागृहाच्या दारावर लावून ठेवण्याजोगे आहेत. रडल्यावर माणूस लगेच मोकळा होत नाही. आधी बसतो, मग सावरतो, मग हलका होतो. आपण मात्र त्याला सर्वांत वाईट क्षणी उजेडात उभा करतो, गर्दीत ढकलतो आणि ‘कसा वाटला पिक्चर?’ विचारतो.

एकत्र बसून बघण्याबद्दलही थोडं हाती आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबर यांच्या गटाने २०१६ मध्ये लोकांना एक अतिशय दुःखद चित्रपट दाखवला, मग भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना, खुर्चीत बसल्यासारखं बसायला लावलं. माहितीपट बघितलेल्यांच्या तुलनेत या लोकांची कळ सोसण्याची ताकद सरासरीने वाढलेली दिसली, आणि बरोबरच्या प्रेक्षकांविषयी त्यांना वाटणारी जवळीकही. एका अभ्यासावर माडी बांधू नये. पण मोबाइलवर एकट्याने पांघरुणात रडणं आणि दोनशे माणसांच्या अंधारात रडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कीर्तनाला बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. जपानात २०१३ च्या सुमारास ‘रुइकात्सु’ नावाने जमून रडण्याचे कार्यक्रमच सुरू झाले. आपल्याला जपानकडून आयात करायची गरज नाही. आपलं होतं ते आपणच मोडीत काढलं.

कोणता सिनेमा, हा यातला सर्वांत चविष्ट भाग आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक म्हणजे पडद्यावर जितकी रडारड जास्त तितका सिनेमा रडवणारा, हा समज. उलट असतं. पात्र ढसाढसा रडलं की प्रेक्षकाच्या वाट्याचं रडणंही तेच रडून घेतं. पात्र आवंढा गिळतं, तेव्हा तो आपल्या घशात येतो. मालिकांतलं ग्लिसरीन बघून कुणाचा रुमाल भिजत नाही ते यामुळेच. निवड करणाऱ्याने सिनेमा दोनदा बघावा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा वही घेऊन, घड्याळ लावून: पात्र कोणत्या मिनिटाला रडतं, व्हायोलिन कोणत्या मिनिटाला सुरू होतं. घटना घडायच्या आधीच व्हायोलिन येत असेल तर दिग्दर्शकाचा स्वतःच्या प्रसंगावर विश्वास नाही, तो सिनेमा बाजूला ठेवावा. मग शेवटची पंधरा मिनिटं आवाज पूर्ण बंद करून बघावीत. तरीही घशात काहीतरी हललं तर तारीख द्यायला हरकत नाही.

या कसोटीला सर्वांत पक्का उतरणारा सिनेमा म्हणजे यासुजिरो ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ चा, १३६ मिनिटांचा. ओनोमिची या बंदराच्या गावातलं म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जातं. मुलगा डॉक्टर, मुलीचं केशभूषेचं दुकान. दोघंही वाईट नाहीत. त्यांना वेळ नाही. आईवडिलांना गरम झऱ्यांच्या ठिकाणी धाडून दिलं जातं, तिथे रात्रभर गोंगाट. त्यांच्यासाठी सुट्टी काढते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको. घरी परतल्यावर आई जाते. अंत्यविधीनंतर सगळे जेवायला बसलेले असतात आणि मुलगी आईच्या कपड्यांतलं काय काय आपल्याला हवं ते बोलून दाखवते. कुणी तिला रागावत नाही. संगीत नाही. जेवण चालू राहतं. ज्याच्या घरात तेराव्यानंतर आईच्या पाटल्यांचा विषय निघाला आहे त्याचं काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

त्यात एक बारकावा आपल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल. ओझू कॅमेरा जमिनीलगत ठेवतात, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. म्हणजे पाटावर बसून आपण घराकडे बघतो त्याच उंचीला. आजीआजोबा घराकडे बघतात त्या उंचीला. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन साताऱ्याहून पुण्याला मुलाच्या चौदाव्या मजल्यावर गेलेले आईवडील, सोफ्यावर अवघडून बसलेले, लिफ्टचं बटण दाबायला बिचकणारे, हा सिनेमा त्यांचा आहे. शेवटी म्हातारा सुनेला बायकोचं घड्याळ देतो. तिथे दिवा लावणाऱ्याच्या हाताला बांधून ठेवावं.

मराठीत ‘श्वास’ आहे, २००४ चा. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आजोबा त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतो आणि शहर दाखवतो. दिग्दर्शक संदीप सावंत इथे घाई करत नाहीत. पोराला दिसणाऱ्या गोष्टी आपल्यालाही तेवढाच वेळ दिसतात, आणि त्या शेवटच्या आहेत हे फक्त आपल्याला आणि आजोबाला माहीत असतं. दुःख सांगून झालेलं असतं, पडद्यावर चालू असते ती मजा. त्या विसंगतीतून कढ येतो. ‘टिंग्या’ही असाच. जखमी झालेला बैल कसायाला द्यायची वेळ आणि पोराचा त्याच्यावर जीव. पुसेगावच्या यात्रेत खोंड विकून रिकामं दावं हातात घेऊन घरी परतलेल्या माणसाला हा सिनेमा समजावून द्यावा लागत नाही. मात्र हा शो जनावरांच्या बाजाराच्या दिवसांत ठेवू नये. उगाच जखमेवर मीठ.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९४८ चा, दीड तासाचा. सुरुवात करायला हाच उत्तम: लहान आहे, मध्यंतर लागत नाही, गोष्ट एका ओळीची. सायकल चोरीला गेली म्हणून नोकरी जाणार, म्हणून बाप रोममध्ये दिवसभर सायकल शोधतो, पोरगं बरोबर. शेवटी बापच एक सायकल चोरतो आणि पकडला जातो, आणि पोरगं ते बघतं. लोक सोडून देतात. दोघं चालू लागतात, पोराचा हात बापाच्या हातात जातो. बापाचा अपमान पोराने पाहणं म्हणजे काय, ते साखर कारखान्याच्या गेटवर थकलेल्या बिलासाठी ताटकळलेल्यांच्या घरात नवं नाही.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, इसाओ ताकाहाता, १९८८, ८९ मिनिटं. याबद्दल एकच सूचना, पण मोठ्या अक्षरांत: हा कार्टून सिनेमा आहे म्हणून लहान पोरांना आणू नका. युद्धात अनाथ झालेली बहीणभावंडं उपासमारीने मरतात, आणि भाऊ मेलेला आहे हे पहिल्याच मिनिटाला कळतं. चित्रं काढलेली आहेत म्हणून हलकं असेल असं समजून कुटुंबं येतात आणि सात वर्षांचं पोर रात्री झोपत नाही. जाहिरातीतच वयाची अट छापावी.

जे सिनेमे इथे बसत नाहीत त्यांचंही सांगायला हवं. ‘सैराट’ २०१६ चा, थोर सिनेमा, पण रडण्यासाठी नाही. शेवटी आवाजच काढून घेतला आहे आणि त्या पोराची पावलं. तिथे माणूस रडत नाही, गोठतो. गोठवणं हेच नागराज मंजुळेंचं काम होतं आणि ते त्यांनी चोख केलं. करुण आणि भयानक यांतला फरक प्रेक्षकाच्या खांद्यांवर दिसतो: करुणात खांदे उतरतात, भयानकात वर चढून तिथेच राहतात. असा सिनेमा दाखवावा, जरूर दाखवावा, पण वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या नावाने.

आणि १९९१ च्या ‘माहेरची साडी’ची टिंगल आता पुरे. तो सिनेमा आमच्या व्हायोलिनच्या कसोटीला उतरत नाही, हे खरं. पण गावोगावच्या बाया बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कशासाठी जात होत्या, हे टिंगल करणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. जातं घरातून गेलं होतं. ओवी गेली होती. तिकिटाच्या पैशात तीन तासांचा अंधार मिळत होता आणि पडद्यावरच्या सुनेच्या नावाने स्वतःसाठी रडता येत होतं. सिनेमाची कला म्हणून गुण कमी द्या, सोय म्हणून पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

आता प्रत्यक्ष शो. इथे भावनेपेक्षा वायरी महत्त्वाच्या.

सर्वाधिक बिघडतो तो आवाज. सिनेमाचा ध्वनी ५.१ पद्धतीचा असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरचे. सभागृहात डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर जोडलेले असतात, मधला नसतोच. मग संगीत कानठळ्या बसवतं आणि आजोबा काय पुटपुटला ते कुणालाच कळत नाही. ऑपरेटर आवाज वाढवतो, संगीत आणखी वाढतं. उपाय सोपा आहे: प्लेअरच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘स्टीरिओ’वर करायचा, म्हणजे मधला आवाज दोन्हींकडे वाटला जातो. हे आदल्या दिवशी बघायचं. छताचे पंखे शेवटच्या वीस मिनिटांत एका टप्प्याने कमी करायचे. करुण सिनेमातली शांतता पंखे खातात. उन्हाळ्यात हे जमणार नाही, म्हणून शो सप्टेंबर ते जानेवारीतच ठेवावेत. जुलै-ऑगस्ट तर नदीचा असतो.

मोठ्या टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग आधी बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून घुसडतो आणि ‘टोकियो स्टोरी’ दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड असतो, तो निवडायचा.

परक्या भाषेतल्या सिनेमाला पडद्याच्या तळाशी इंग्रजी भाषांतराच्या ओळी (सबटायटल्स) असतात आणि साठीच्या पुढचा प्रेक्षक तिथेच बाहेर पडतो. मराठी ओळी तयार करणं अवघड नाही, चिकाटीचं आहे. एका वेळी दोन ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांपेक्षा जास्त नकोत, ओळ किमान दीड सेकंद पडद्यावर हवी. फाइल यूटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतपद्धतीत जतन केली नाही तर पडद्यावर नुसते चौकोन येतात. अनेक प्लेअर देवनागरी जोडाक्षरं फोडतात, ‘मृत्यू’चं काहीतरी भलतंच होतं, आणि ऐन मरणाच्या प्रसंगात सभागृह खुदकन हसतं. म्हणून ओळी चित्रातच पक्क्या बसवून घ्याव्यात आणि तपासाव्यात. हे सगळं हक्कधारकाची लेखी परवानगी घेऊनच. घरचं ओटीटीचं वर्गणीचं खातं घरापुरतं असतं. तिकीट फुकट ठेवलं म्हणून सार्वजनिक शो कायदेशीर होत नाही. एकेकट्या मंडळाला हा पत्रव्यवहार जड जातो, म्हणून फिल्म सोसायटी काढून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी जोडून घेणं बरं. ही संस्था १९५९ पासून आहे.

मध्यंतर दीड तासाच्या सिनेमाला द्यायचंच नाही. दोन तासांच्या वर असेल तर आधीच मिनिट-सेकंद वहीत लिहून, प्रसंग संपताना, आणि कधीही शेवटच्या एक तृतीयांशात नाही. उमाळा दुधासारखा असतो, उतू जायच्या आधी भांडं उतरवलं की पुन्हा तेवढी आच द्यावी लागते. भडंगाच्या पुड्या मध्यंतरातच संपवाव्यात. पुडीचा आवाज आणि हुंदक्याचा आवाज एका सभागृहात नांदत नाहीत.

सुरुवातीला दोन वाक्यांची सूचना हवी: सिनेमात काय आहे. बुडून मृत्यूचा प्रसंग असेल तर कृष्णाकाठी तो आधी सांगायलाच हवा. घरोघरी सैनिक असलेल्या मिलिटरी आपशिंग्यासारख्या गावात युद्धाचा सिनेमा नेणार असाल तर समोर कोण बसलं आहे याचा विचार आधी. नुकतंच ज्यांच्या घरी मरण झालं त्यांनी दोन-तीन महिने थांबलेलं बरं. हे दुसऱ्याच्या दुःखात शिरणं आहे, स्वतःच्या ताज्या दुःखात ढकलणं नव्हे. आणि ज्याला रोजच रडू येतं, रडूनही हलकं वाटत नाही, झोप-जेवण उडालं आहे, त्याला सिनेमा हा उपाय नाही. त्याच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दाराशी लिहून ठेवावा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुरुषांचं काय? ‘बाईगत रडतुयास व्हय?’ हे आपल्याकडे पोराला चौथीतच ऐकवलं जातं. साने गुरुजींना हळवे म्हणून हसणाऱ्या याच महाराष्ट्रात ‘श्यामची आई’ने पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं, तरी हसणं थांबलं नाही. भाषणांनी हे बदलणार नाही. बसण्याच्या व्यवस्थेने थोडं बदलेल. तरण्या पोरांना घोळक्याने बसू देऊ नये. घोळक्यात एकजण हसतो आणि बाकीचे आवंढा गिळून हसतात. क्रमांकाची तिकिटं ठेवावीत आणि जमेल तिथे एक खुर्ची सोडून. बाप आणि मुलगा एकाच रांगेत पण शेजारी नाही, हे उत्तम. दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नाही.

सिनेमानंतरची चर्चा ही तर फिल्म सोसायट्यांची जुनी खोड. दिवे लागतात, माइक फिरतो, आणि ज्याला रडू आलं नाही तो सर्वांत आधी बोलतो. चर्चा पुढच्या आठवड्यात ठेवावी. कुणाला बोलावंसं वाटलं तर बाहेर चहा असावा, माइक नसावा. प्रमुख पाहुणे, सत्कार, आभार, हे सगळं सिनेमाच्या आधी उरकून घ्यावं, आणि नाही केलं तरी चालेल.

शेवटची दहा मिनिटं अशी: पहिली तीन मिनिटं पूर्ण अंधार, पडद्यावर नावं, त्यांचं संगीत हळू. बाहेर जाण्याच्या दारांवरचे दिवे आणि पायऱ्यांवरचे बारीक दिवे सुरूच हवेत, त्यात तडजोड नाही. मग दारं उघडायची, दिवे नाही; ज्याला जायचं तो जाईल. पाचव्या मिनिटाला कडेचे दोन दिवे, डिमर असेल तर पाव उजेडावर. दहाव्या मिनिटाला बाकीचे. खटक्यावरच्या माणसाला या दहा मिनिटांचे वेगळे पैसे द्यावेत, नाहीतर तो घरी जायच्या घाईत असतो आणि त्यात त्याची चूक नसते.

वेळ संध्याकाळी ५ ची. ८९ मिनिटांचा सिनेमा ६:२९ ला संपतो, दिवे ६:३९ ला. तासगाव, आष्टा, कवठेमहांकाळकडे जाणाऱ्यांना शेवटच्या एसटीची धाकधूक राहत नाही. सभागृहातून स्टँडपर्यंत सावकाश चालत जायला वेळ उरतो, आणि चालताना शेजारच्याशी काही बोलावं लागत नाही.